हँडलवरचा हात

मामूंच्या घरात कशालाही हात लावला तरी ते काही म्हणायचे नाहीत. माठात ग्लास बुडवा, त्यांच्या डब्यातली सुपारी घ्या, त्यांचाच चष्मा डोळ्यावर चढवून पेपर वाचा. मनाई एकाच गोष्टीची होती. बैठकीच्या खोलीत लांब सागवानी फळीवर नावेच्या जुन्या मोटारी ओळीने कसून ठेवलेल्या होत्या. त्यांच्या हँडलला हात लावायचा नाही.

"टोपीले लाव, पंख्याले लाव," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "हँडलले नको लावू, बेटी. तिथी कोणाचा तरी हात बसलेला असते."

मी मूळची कुरखेड्याची. प्राणहितेची पातळी सकाळ-संध्याकाळ वाचून नोंदवायची, अशी एक कंत्राटी नोकरी मिळाली म्हणून सिरोंच्याला आले. मामूंच्या घरामागची खोली भाड्याने घेतली. बाजाराच्या गल्लीत त्यांचं पंपाच्या मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली कॉइल काढून नवी तार गुंडाळण्यात सगळं आयुष्य गेलेलं. बायको वारली होती, एकुलती मुलगी चंद्रपूरला दिली होती. सगळा गाव त्यांना मामूच म्हणायचा, मीही म्हणू लागले.

माझ्या माहेरी भूत, उतारा, अंगात येणं यातलं काही नव्हतं. बाबांनी आम्हाला बुद्धवंदना शिकवली आणि तितक्याच आग्रहाने हेही शिकवलं, की आधी नीट पाहायचं, मग बोलायचं. म्हणून मी पाहिलं तेवढंच इथे सांगणार आहे. जे नुसतं ऐकलं, ते ऐकलेलं म्हणूनच सांगेन.

पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन पोचले तेव्हा भर दुपार होती. सिरोंच्यातल्या मे महिन्यात बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी खिडकीतून आत डोकावले. अर्ध्या उजेडात वीसेक माणसं डोक्यावर पांढरी टोपी घालून, ओळीने, पाठमोरी बसली होती. घरात नमाज किंवा काही मयतीचं असेल असं वाटून मी अंगणातल्या निंबाखाली गुपचूप उभी राहिले. अर्ध्या तासाने मामू दुकानातून आले. त्यांनी दार उघडलं तेव्हा कळलं, त्या मोटारी होत्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी जुन्या चादरीच्या टोप्या शिवून प्रत्येकीच्या डोक्यावर घातल्या होत्या. मी हसले. मामू हसले नाहीत. "किती वेळ उभी होतीस?" एवढंच विचारलं आणि पाणी दिलं.

नद्यांवर पूल झाले आणि मोटारीच्या नावा बसल्या. नावाड्यांनी मोटारी भंगारात वजनावर घातल्या. उमेदीच्या काळात मामूंनी त्यातल्या कितीतरी दुरुस्त केलेल्या, त्यामुळे त्यांना ते पाहवेना. मग जिथे म्हणून कळेल तिथे ते एसटीने जायचे. वैनगंगेकाठच्या एका भंगारवाल्याकडून एक आणली, चंद्रपूरकडच्या तलावावरची एक इवलीशी, दोन हॉर्सपॉवरची आणली, इंद्रावतीवरची रॉकेलची एक आणली. येताना मोटार घोंगडीत गुंडाळून खिडकीच्या सीटवर बसवायचे आणि तिचं तिकीट काढायचे. एकदा गडचिरोलीहून येताना शेजारच्या बाईने विचारलं, यांना काय झालंय, बोलत का नाहीत. मामूंनी सांगितलं, "थकलेले हायेत. घरी नेऊन राह्यलो." बाई आलापल्लीपर्यंत त्या घोंगडीकडे पाहत राहिली म्हणे. हे ऐकलेलं.

प्रत्येक मोटारीखाली एक पुठ्ठा होता. मला वाटलं, त्यावर कंपनी, ताकद असं काही असेल. तसं काही नव्हतं. मराठीत आणि खाली तेलुगूत लिहिलेलं असायचं: "वैनगंगा. उजवा हात. तळवा रुंद. चौथं बोट वाकडं. घाईचा माणूस." किंवा, "इंद्रावती. डावखुरा. म्हातारा. शेवटी शेवटी हात कापत होता." हँडलवरच्या रबराची झीज पाहून ते हे ओळखायचे. स्वतःही हँडल धरायचे नाहीत. कणकेचा लांबट गोळा रबरावर दाबून ठसा घ्यायचे आणि तो खिडकीत वाळत ठेवून दिवसभर न्याहाळायचे. मग ती कणीक नदीवर नेऊन माशांना घालायचे. मी विचारलं, कंपनीचं नाव का लिहीत नाही. "कंपनी लोखंडावरच लिहिली हाय," ते म्हणाले. "माणूस कुठी लिहिला हाय?"

एकदा चंद्रपूरहून एक गृहस्थ आले. जंगलाजवळ हॉटेल काढत होते, भिंतीवर टांगायला त्यांना जुन्या मोटारी हव्या होत्या. मामूंनी चहा दिला आणि विकायच्या नाहीत म्हणून सांगितलं. तो गृहस्थ हसत हसत उठला आणि चौथ्या मोटारीचं हँडल धरून, नाव चालवल्यासारखं करू लागला. मामू ओरडले नाहीत. नुसते त्याच्याकडे पाहत राहिले. पाच-सहा सेकंदांत त्या माणसाचं हसणं थांबलं. त्याने हात काढून घेतला आणि पँटला पुसला. मी समोरच बसले होते. त्याचा तळहात ओला होता, रेघांमध्ये बारीक काळा गाळ होता. तो चहा तसाच ठेवून निघून गेला.

तो गेल्यावर मी चौथ्या मोटारीजवळ जाऊन वाकून पाहिलं. हँडल कोरडं ठणठणीत होतं. त्याच मोटारीखाली मात्र फरशीवर ओलसर गोल डाग असायचा. मी मोजणारी बाई. मी तिथे आठ दिवस वाटी ठेवली. रोज सकाळी तळाला बोटभर पाणी. मोटार घरात येऊन सहा वर्षं झाली होती. मामूंना विचारलं, तर म्हणाले, आत वाळू असते आणि वाळू पाणी लवकर सोडत नाही. मी ते उत्तर घेतलं, कारण दुसरं माझ्याकडे नव्हतं.

मामूंचं एक आवडतं वाक्य होतं: "पिन नरम पाहिजे." मोटारीचा पंखा दांड्याला एका बोटभर पितळी पिनेने अडकवलेला असतो. पंखा दगडावर आपटला की ती पिन तुटते आणि आतले महागाचे दाते वाचतात. पिन कडक घातली तर सगळी मोटार जाते. हे ते माणसांनाही लावायचे. माझं ऑफिसातल्या साहेबांशी बिनसलं आणि मी चार दिवस जेवले नाही, तेव्हा त्यांनी दारात डबा आणून ठेवला आणि म्हणाले, "कुठीतरी एक नरम पिन ठेव, बेटी. नाई तर आतलं तुटते."

तिसऱ्या उन्हाळ्यात नदी फार खाली गेली. सकाळचा आकडा वाचायला मी घाटावर उतरले, तर पात्राच्या मध्ये नवीन वाळूचा उंचवटा वर आला होता आणि त्यातून काहीतरी काळं डोकावत होतं. गळ्यापर्यंत रुतलेला माणूस असावा तसं. मी पातळी नोंदवली, घरी येऊन मामूंना सांगितलं. त्यांनी दुकान उघडलंच नाही. एका कोळ्याचा डोंगा घेऊन आम्ही तिथे गेलो.

मोटारच होती. तुटलेल्या मागच्या फळीला अजून घट्ट कसलेली, बाकी नावेचा पत्ता नव्हता. कोळी ती ओढून काढायला निघाला. मामूंनी त्याला थांबवलं. ते तापलेल्या वाळूत मांडी घालून बसले, डोक्यावर रुमाल घेतला आणि हाताने वाळू बाजूला सारत राहिले. तासाभराने मोटार मोकळी झाली. त्यांनी इंजिनावरच्या टोपीचे खटके उघडून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टोपी परत बसवली आणि मोटार मांडीवर घेऊन डोंग्यात बसले. काय दिसलं ते मी दोनदा विचारलं. ते टोपीवरची वाळू पुसत राहिले.

तीन आठवडे ते तिच्यामागे होते. वाळू धुतली, कॉइल नवी भरली, पंखा खोलून पुन्हा बसवला. अंगणात पाण्याचा ड्रम भरून त्यात ती उभी करायचे आणि दोरी ओढायचे. मोटार काही सुरू होईना. ठिणगी येते, पेट्रोल येतं, पण बोलत नाही, असं ते सांगायचे. पुठ्ठ्यावर फक्त इतकंच लिहिलं होतं: "प्राणहिता. उजवा हात. अंगठ्याखाली जखमेची खूण." पुढे माणूस कसा, ते लिहिलं नव्हतं.

नदीत मोटार सापडल्याची बातमी बाजारातून गावोगाव गेली. एका आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई आमच्या दारात येऊन बसली. चाळिशीची असेल. सुक्या मासळीची टोपली बाजूला, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाव पोचक्का. नदीकाठच्या कोळ्यांच्या गावची. तेलुगू आणि मराठी मिसळून ती सांगू लागली. तिचा नवरा मल्लय्या नऊ वर्षांपूर्वी मासळी विकायला नाव घेऊन पलीकडच्या काठाला गेला आणि परत आला नाही. नावही सापडली नाही. दिराने गावात सांगितलं, की त्याने तिकडे दुसरी बाई केली. कोणीतरी त्याला तिकडच्या बाजारात पाहिल्याचंही सांगितलं. तेव्हापासून ती नवऱ्याने टाकलेली बाई. ती कुंकू लावायची, तर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुसावं तर तो मेल्याचं कोण सांगणार.

मामूंनी तिला आत बोलावलं नाही. आधी विचारलं, त्या सकाळी काय काय झालं होतं. ती आठवून सांगू लागली. घाटावरच पंख्याची पिन तुटली होती. त्याच्याकडे दुसरी नव्हती. तेव्हा तिने अंबाड्यातला पितळेचा एक आकडा काढून दिला. तिच्या आईने दिलेली जोडी होती. त्याने तो दगडाने ठोकून वाकवला, पिनेच्या जागी घातला आणि म्हणाला, संध्याकाळी आणून देतो.

मामू उठले. आतून काड्यापेटी घेऊन आले आणि तिच्यासमोर उघडून धरली. आत वाकडातिकडा झालेला, काळपट पितळी आकडा होता. पोचक्काने मान वळवली, अंबाड्यातला दुसरा आकडा काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला. जोडीचाच होता. दोघांच्या टोकाला तीच बारीक नक्षी होती.

"हे पंख्यात नव्हतं, अक्का," मामू म्हणाले. "पंख्यात नवी पिन हाय, खराद मशीनवर कापलेली. आकडा वर टोपीखाली होता. कपड्यात गुंडाळून, तारेनं बांधून ठेवलेला."

मग मामूंनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्या आकड्यावर तो हळूहळू पलीकडे पोचला. तिकडे त्याने नवी पिन करून घेतली. आकडा काढून, पुसून, हरवू नये अशा जागी ठेवला. "पळून जाणारा माणूस बायकोचा आकडा जपून ठेवत नाई. तो येऊन राह्यला होता."

पोचक्का रडली नाही. तिने दोन्ही आकडे मुठीत घट्ट धरले. मग तिने विचारलं, "येऊन राह्यला होता, तर पोचला काऊन नाई?"

मामूंनी रिकामी काड्यापेटी मिटून खिशात ठेवली.

"मंग आता पोचू द्या त्याले," ती म्हणाली.

मी त्या घरात राहिले तेवढ्या काळात मामूंनी कोणाला हँडल धरू दिलं ते एवढं एकदाच. चारचा सुमार होता. ऊन तिरपं होऊन अंगणात आलं होतं. मोटार ड्रममध्ये उभी केली. मामूंनी पोचक्काला हँडलवर हात ठेवायला सांगितलं. तिने उजवा हात ठेवला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. "गरम हाय," ती म्हणाली. मी मोटारीच्या टोपीला हात लावून पाहिला. मोटार दिवसभर सावलीत होती, टोपी थंड होती.

मामूंनी दोरी ओढली. तीन आठवडे न बोललेली मोटार पहिल्या ओढीला सुरू झाली.

आवाज फार मोठा नव्हता. पण घरातल्या एकोणीस मोटारींच्या पांढऱ्या टोप्या थरथरू लागल्या, खालचे पुठ्ठे फळीवर टकटक वाजू लागले. फरशीतून हादरा जात असेल. मी तेव्हाही मनाशी तेच म्हटलं. पोचक्का डोळे मिटून उभी होती. तीन-चार मिनिटं मोटार एकसारखी चालली. मग तिचा हात हँडलवर सावकाश वळला, आवाज उतरत गेला आणि घाटाला नाव लावताना बंद करतात तशी मोटार बंद झाली. तिने जन्मात कधी मोटार चालवली नव्हती. मागाहून तिने मला सांगितलं, की हात तिने वळवला नव्हता.

संध्याकाळचा आकडा वाचायला मी घाटावर गेले. तिथे धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहून नदीकडे पाहत होत्या. त्यांनी मलाच विचारलं, कोणाची नाव आली. मी म्हटलं, कुठली नाव. चारच्या सुमाराला पलीकडून मोटारीचा आवाज निघाला, त्या म्हणाल्या. मधल्या वाळूपाशी आला, मग या काठाला आला आणि अगदी घाटाजवळ येऊन बंद झाला. नाव मात्र दिसली नाही. एकीने सांगितलं, पायऱ्यांवर पाणी दोनदा येऊन आदळलं. मामूंचं घर घाटापासून बाजार ओलांडून पलीकडे आहे. आवाज पाण्यावरून कसाही फिरतो, हे मला माहीत आहे. मी पातळी वाचली. सकाळपेक्षा एका बोटानेही कमी-जास्त नव्हती.

माझ्या नोंदवहीत शेऱ्याचा एक रकाना होता. दोन वर्षं मी त्यात रोज "निरंक" लिहिलं. त्या दिवशी लिहिलं, "दुपारी चार वाजता एक नाव आली." आठवड्याने गडचिरोलीहून साहेबांचा फोन आला. कोणाची नाव, म्हणून विचारलं. मी सांगितलं, इथल्याच एका माणसाची, बरेच दिवस बाहेर होता.

पोचक्काने गावात अकराव्याचं जेवण घातलं. कुंकू पुसलं. दीर जेवायला आला आणि खाली मान घालून जेवून गेला. दुसऱ्या दिवशी ती मामूंसाठी पानावर भात घेऊन आली, तेव्हा तिच्या रिकाम्या कपाळाकडे पाहून मला कसंतरी झालं. तिला तसं काही झालेलं दिसलं नाही. तिची मान ताठ होती. मामूंनी तो भात एक शीतही न टाकता खाल्ला. नंतर पुठ्ठा काढून त्यावर उरलेलं लिहिलं: "शब्दाचा माणूस."

ती मोटार पुन्हा कधी सुरू झाली नाही. मामूंनी प्रयत्नही केला नाही. पण त्या दिवसापासून लोक येऊ लागले. बहुतेक बायकाच. दोन्ही काठांच्या गावांतून, कोणी बाजाराच्या निमित्ताने, कोणी सरळ चालत. कोणाचा भाऊ, कोणाचा बाप, कोणाचा नवरा नदीत गेलेला. पुठ्ठे वाचता येत नसतील तर मामू वाचून दाखवायचे. काही जणी एखाद्या मोटारीसमोर तासभर बसायच्या आणि निघून जायच्या. एक म्हातारी चौथ्या मोटारीपाशी आली, खालच्या ओल्या डागावर हात ठेवला आणि तो हात डोक्यावरून फिरवून घेतला. त्यानंतर मी तिथली वाटी उचलली. तिथे काही मोजायची मला इच्छा राहिली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मामूंची नजर गेली. मुलगी त्यांना न्यायला आली. निघताना त्यांनी माझा हात धरला आणि सवयीने बोटांनी तळवा चाचपला. काय वाचलं ते सांगितलं नाही. फक्त एक काम सांगितलं, "दाराले कुलूप नको लावू, बेटी. येणारे लोक दुरून येतात." मी लावलं नाही. दीड महिन्याने चंद्रपुरात ते गेले. सकाळची पहिली गाडी धरून मी निघाले, पण पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. मी कबरीवर मूठभर माती टाकली आणि त्याच दिवशी परत फिरले. जाता-येता सगळी वाट त्यांच्याशी काय बोलायचं राहून गेलं ते आठवत होते.

मुलीला त्या मोटारींचं काय करावं कळेना. हॉटेलवाल्यांचा निरोप आला होता, भंगारवालाही येऊन गेला होता. तेवढ्यात पोचक्का ट्रॅक्टर घेऊन आली. बरोबर सात-आठ बायका होत्या. मुलीला वाटलं, तिला तिची एक हवी असेल. पोचक्काने मान हलवली. सगळ्या न्यायच्या, म्हणाली. तिच्या गावाने समाजमंदिराची खोली दिली होती. बायकांनी एकेक मोटार फळीवरून सोडवून उचलली. ट्रॉलीत आधी भाताचं तणीस पसरलं होतं.

आता मी गडचिरोलीला असते. मागच्या वर्षी सिरोंच्याला काम निघालं तेव्हा त्या गावाला जाऊन आले. भर दुपार होती. समाजमंदिरात वीस मोटारी ओळीने बसल्या होत्या, टोप्या नव्याने शिवलेल्या. पोचक्का एकेकीवरून ओलं फडकं फिरवत होती आणि तेलुगूत काहीतरी बोलत होती. मध्येच थांबायची, जरा वेळाने हुंकार द्यायची आणि मग पुढे बोलायची. कोणाच्या तरी बोलण्याला दिल्यासारखा तो हुंकार होता. मी दारातच थबकले.

तिने मला पाहिलं, हसली, बसायला चटई टाकली. इथे एकटीला भीती नाही वाटत का, मी विचारलं.

"घरच्याच माणसाले काऊन भ्याचं, बाई?" ती म्हणाली, आणि फडकं पिळून पुढच्या मोटारीकडे वळली.